मोबाईलवरचा सल्ला आणि आपले दिव्यांग मूल

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. अशा वेळी पूर्वी घरातली वडीलधारी माणसे सल्ला देत. आता तो मोबाईल देतो. दिवसभर राबून आलेली आई रात्री यूट्यूबवर उपाय शोधते. तिला दोष का द्यावा? दवाखान्यात डॉक्टरांना घटकाभर बोलायला वेळ नसतो आणि रोज बुडवून पुन्हा पुन्हा जाणे परवडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरील पालकांच्या ग्रुपचा लाभही होतो. प्रमाणपत्राला कोणते कागद लागतात, मुलाला चमचा धरायला कसे शिकवावे, हे अनुभवी आईच सांगू शकते. आपण एकटे नाही, हा धीर तर लाखमोलाचा!

परंतु त्याच मोबाईलवर दुकानदारही बसलेला असतो. आमच्या वस्तीतील एका पित्याने स्वमग्न मुलाला स्टेम सेलने बरे करतो, असा व्हिडिओ पाहिला आणि तो घरातले किडुकमिडुक विकायला निघाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्याला समजावून सांगितली. स्टेम सेलचा मान्य उपचार रक्ताच्या काही आजारांपुरताच आहे, बाकी सारा प्रयोग. दागिने घरीच राहिले, मुलगा आता वाचा-उपचाराला जातो.

दुसरी अफवा लसीची. लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचवणारा लेख १९९८ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २०१० साली त्या नियतकालिकानेच तो मागे घेतला. मोबाईलवर मात्र तो अजून फिरतो! त्यापायी धाकट्या लेकराची गोवराची लस चुकवू नका. बहिरेपणा, अंधत्व, फिट्स, पक्षाघात बरा करतो, अशी औषधाची जाहिरात करण्यास तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

म्हणून पालकहो, प्रत्येक संदेशाला तीन प्रश्न विचारा. सांगणारा कोण? तो काही विकतो आहे काय? 'हमखास बरे' असे म्हणतो काय? आणि मुलाचा फोटो, आधार कार्ड, प्रमाणपत्र ग्रुपवर टाकू नका.

खात्री करण्याची ठिकाणे आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. आपल्या मुलाची शंका तेथेच बोलून दाखवा. ऐकू येण्या-बोलण्याच्या अडचणीसाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक वा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी प्रमाणपत्र आधी काढून ठेवा.

मोबाईलने वाट दाखवली तर जरूर चाला. पण पैसा काढण्यापूर्वी आणि लस टाळण्यापूर्वी सरकारी डॉक्टरला विचारा. खरी माहिती हाती आली की ती शेजारच्या घरीही पोहोचवा. तेथेही एखादी आई रात्री जागत असेल.