शून्य बिल आणि सामायिक तार

'शून्य बिल' हा शब्दप्रयोग अलीकडे मराठीत चांगलाच रुळला आहे. शब्दांच्या अर्थच्छटा तपासणे हेच ज्यांचे काम, त्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी याही शब्दापाशी जरा थांबायला हवे. बिल शून्य झाले म्हणजे खर्च शून्य झाला काय?

समजा, छतावरील तीन किलोवॉटचा सौर संच महिन्याला ३५० युनिट वीज देतो आणि घराचा वापरही तेवढाच आहे. त्यांतील १०० युनिट दिवसा घरातच वापरली जातात. उरलेली २५० दुपारी महावितरणच्या तारेवर जातात आणि तेवढीच रात्री परत घेतली जातात. 'नेट मीटरिंग'मध्ये ही देवघेव युनिटास युनिट अशी वळती होते. मग वीज आकार उरत नाही, प्रतियुनिट वहन आकारही उरत नाही. उरतो तो मुख्यतः स्थिर आकार. परंतु खांब, रोहित्र, वायरमन आणि रात्री धगधगणारे औष्णिक केंद्र यांचा खर्च काही थांबत नाही.

दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक दाटलेली असताना क्विंटलभर कापूस विकायचा आणि उन्हाळ्यात भाव चढल्यावर, साठवणुकीचे भाडे न देता, तेवढाच परत मागायचा, हा व्यवहार विदर्भातला कोणता व्यापारी मान्य करील? दुपारची वीज आणि रात्रीची वीज यांतही असाच फरक आहे.

आमच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात हा प्रश्न छतांकडे पाहूनच कळतो. ज्याचे घर स्लॅबचे, मीटर स्वतःच्या नावावर आणि गाठीला चार पैसे, त्याच्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान सूर्यघर योजना आहे. तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. जो भाड्याने राहतो, ज्याच्या डोक्यावर जुनी टिनपत्रे आहेत, तो या योजनेच्या काठावरच उभा राहतो. आपल्या दररचनेत अधिक वीज वापरणारा चढा दर देतो, म्हणून कमी वापरणाऱ्याचा दर आवाक्यात राहतो. असे चढा दर देणारे ग्राहकच एकेक करून शून्यावर आले, तर तारेचा खर्च अखेर टिनपत्र्याखालच्या बिलात उतरणार.

दुसरी बाजूही खरी आहे. छतावरची वीज बहुधा शेजारच्याच घरात खपते; दूरवरून वीज आणण्यातील गळती वाचते, कोळसा वाचतो. भारनियमनाने पोळलेल्या विदर्भात स्वतःच्या छतावर वीज तयार होण्याचे समाधान कमी लेखू नये. शिवाय पदरचे पैसे घालून संच बसवणाऱ्यासाठी मध्येच नियम फिरवणे हा विश्वासभंग होय. २०२५ च्या दरनिश्चितीच्या वेळी, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या तासांतील सौरवीज त्याच तासांतील वापराशी वळती करावी, या कल्पनेवर जो संताप उसळला, त्याचे मूळ येथेच आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या संचांच्या विजेचा मोबदला एकदम घटवला, तेव्हा तिथेही हाच वाद पेटला. जुन्या संचांना मात्र तिथे ठरावीक मुदतीपुरते जुनेच नियम राहिले.

राज्य वीज नियामक आयोगाला हा पेच ठाऊक नव्हता असे नाही. २०१९ च्या विनियमांत वीजजाळ्याच्या वापरासाठी वेगळ्या आकाराची तरतूद झाली. लहान घरगुती ग्राहकांना त्यातून वगळले गेले, आणि २०२० च्या आदेशाने राज्यातील छतांवरची एकूण क्षमता २,००० मेगावॉट होईपर्यंत तो आकार लांबणीवर टाकला. ही दिशा आम्हांला योग्य वाटते: लहानांना सूट, मोठ्या संचांवर क्षमतेनुसार वाटा, आणि बदल केवळ नव्या जोडण्यांना. मात्र तेवढ्याने छत नसलेल्याचा प्रश्न सुटत नाही. एकाच सामायिक संचातील वाटा अनेक घरांच्या बिलांत वळता करण्याची वाट दिल्लीच्या आयोगाने २०१९ मध्येच दाखवली. ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या छतावरचा संच गावातील भाडेकरूंच्या आणि मजुरांच्या बिलात का दिसू नये?

तोवर एक साधी मागणी करता येईल. वळत्या झालेल्या युनिटांचा वहन आकार किती होता आणि त्यातील किती माफ झाला, हे बिलावर स्पष्ट छापावे. माफी खुशाल असावी. पण ती माफी आहे, आणि तिचा भार कोणी तरी उचलतो आहे, हे 'शून्य' वाचणाऱ्याला कळले पाहिजे.