लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी झाली!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून अनेक घरांत एकच प्रश्न फिरतोय. आठ-नऊ वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप अजून ठणठणीत चालतो, पण विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. मग तो भंगारात द्यायचा का? अशा वेळी घरातलं कॉलेजला जाणारं पोर म्हणतं, "लिनक्स टाकूया की! पैसेही लागत नाहीत."

सल्ला चांगलाच आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून तासाभरात बसतं. वायफाय जोडलं जातं, व्हिडिओ चालतात, सगळे खूश. मग कधीतरी गेम अडखळतो किंवा बाहेरचा मॉनिटर लागत नाही. कुणीतरी सुचवतं, "ग्राफिक्स ड्रायव्हर टाक." कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल उतरवली जाते, एखादा व्हिडिओ बघून चार आज्ञा टाइप होतात, मशीन पुन्हा सुरू केलं जातं. आणि समोर येते काळी स्क्रीन. कोपऱ्यात फक्त एक पांढरी रेघ लुकलुकतेय.

इथे बहुतेक जण दोन निष्कर्ष काढतात. पहिला, लॅपटॉप गेला. दुसरा, हे आपलं काम नव्हे. मंडळी, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. लॅपटॉपला काहीही झालेलं नसतं, फाइलीही जागेवर असतात. आणि ही अडचण नवख्याच्या अडाणीपणातून आलेली नसते. तिच्यामागे एक जुनं भांडण आहे. ते समजलं की उपायही लक्षात राहतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

समजा, तुमची बदली चेन्नईला झाली. घरमालकांना फक्त तमिळ येतं, तुम्हाला मराठी. मध्ये दुभाषी असला तर भाडं, पाणी, वीज सगळं सुरळीत होतं. संगणकात ऑपरेटिंग सिस्टम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो नसला किंवा चुकीचा असला, तर कार्ड कितीही ताकदीचं असो, चित्र उमटत नाही.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. आज जगभरचे लोक आणि कंपन्या मिळून तो लिहितात आणि त्याचा कोड सगळ्यांना वाचता येतो. बहुतेक दुभाषी या गाभ्यातच राहायला आलेले आहेत. म्हणून लिनक्स टाकल्यावर कीबोर्ड, माउस, बऱ्याचदा प्रिंटरसुद्धा न सांगता चालू लागतात. इंटेलच्या ग्राफिक्सचं तसंच आहे. एएमडीचंही. या कंपनीने २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली आणि २०१५ मध्ये तिचा नवा खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. तुमच्या लॅपटॉपमध्ये या दोघांपैकी एकाचंच ग्राफिक्स असेल, तर एक आनंदाची बातमी: तुम्हाला सहसा काहीही इन्स्टॉल करायचं नाही. सिस्टमचे अपडेट घेत राहा, बस्स.

मग अडतं कुठे?

अडतं ते मुख्यतः एनव्हिडियाच्या कार्डापाशी. या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण वर्षानुवर्षं बंद पाकिटात. आत काय आहे ते लिनक्सवाल्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे तो कर्नलमध्ये सामावून घेता येत नव्हता. काही हौशी प्रोग्रामरांनी कार्डाचं वागणं न्याहाळून, अंदाज बांधत स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. त्याचं नाव नुव्हो, म्हणजे फ्रेंचमध्ये 'नवा'. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. दाराआडून बोलणं ऐकत भाषा शिकलेल्या माणसासारखाच हा दुभाषी. रोजचं काम निभावतो, पण बऱ्याच कार्डांची पूर्ण ताकद त्याला वापरता येत नाही. २०१४ मध्ये आलेल्या ९०० मालिकेपासून तर कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय कार्डाचा वेग वाढवणं नुव्होच्या हातात राहिलं नाही.

ही चीड किती साचली होती, ते २०१२ मध्ये जगाने पाहिलं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात श्रोत्यांमधल्या एका महिलेने एनव्हिडियाच्या लॅपटॉप ग्राफिक्सबद्दल प्रश्न विचारला. टॉरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून हाताने असभ्य खूण केली आणि आम्हाला भेटलेल्या कंपन्यांत ही सर्वांत वाईट, अशा अर्थाचं बोलले. जवळपास १० वर्षांनी, मे २०२२ मध्ये, एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग खुला केला. पण तो २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठीच. जुन्या लॅपटॉपमधली कार्डं अजून बंद पाकिटावरच आहेत.

गंमत म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळही अशाच एका अडचणीत सापडतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्यासाठी प्रिंटरच्या प्रोग्रामचा कोड हवा होता आणि तो नाकारला गेला. १९८३ मध्ये त्यांनी ज्न्यू प्रकल्प जाहीर केला. आजचं लिनक्स त्याच प्रकल्पाच्या साधनांवर उभं राहिलं. म्हणजे काळ्या स्क्रीनसमोर बसलेला नवखा माणूस तसा एकटा नाही. त्याच्याआधी बरेच जण तिथे वैतागून बसलेले आहेत!

विंडोजची सवय इथे नडते

विंडोजवर ड्रायव्हर हवा असला की कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, फाइल उतरवायची, डबल क्लिक करायचं. ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. लिनक्सवर नेमकी तीच अडचणीत आणते. वेबसाइटवरून घेतलेला ड्रायव्हर त्या दिवशीच्या कर्नलशी जुळवून बसतो. महिन्याभराने अपडेटमधून नवा कर्नल येतो आणि जुना दुभाषी परका होतो. पुन्हा अंधार.

म्हणून एक नियम पाठ करा: ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरून नाही, आपल्या लिनक्सच्या भांडारातून घ्यायचा. तिथला ड्रायव्हर तुमच्या आवृत्तीसाठी तयार केलेला असतो आणि कर्नल बदलला की तोही त्यानुसार पुन्हा जुळवला जातो.

आता क्रमाने काय करायचं ते पाहू.

१. आधी कार्ड ओळखा. टर्मिनल उघडा. एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीत, सलग टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या यादीत 'व्हीजीए' किंवा '३डी' असं लिहिलेल्या ओळी शोधा. कार्डाचं नाव तिथे असतं. ते वहीत लिहून ठेवा. दोन ओळी दिसल्या तर घाबरू नका. अनेक लॅपटॉपमध्ये साध्या कामासाठी एक आणि जड कामासाठी दुसरं, अशी दोन ग्राफिक्स असतात.

२. परतीची वाट तयार ठेवा. महत्त्वाचे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचं साधन आधीपासून असतं, उबुंटूवर ते भांडारातून मिळतं. त्यातून सिस्टमची एक प्रत काढून ठेवा. काही बिनसलं तर तिथवर मागे येता येतं. टाइमशिफ्ट मुख्यतः सिस्टम जपतं, तुमचे फोटो नव्हे. म्हणून दोन्ही गोष्टी करा.

३. ड्रायव्हर निवडा. उबुंटूवर 'ॲडिशनल ड्रायव्हर्स', मिंटवर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. कार्डासाठी चालणारे पर्याय तिथे दिसतात. ज्यापुढे 'रेकमेंडेड' किंवा 'टेस्टेड' लिहिलंय तो घ्या. मोठा आकडा म्हणजे चांगला, असं समजू नका. केप्लर पिढीच्या कार्डांसाठी ४७० ही शेवटची मालिका आहे. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांसाठी ५८०. नावाच्या शेवटी 'ओपन' असलेला पर्याय ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठीच असतो. जुन्या कार्डावर तो टाकला तर चालणार नाही. 'सर्व्हर' लिहिलेला पर्यायही घरच्या मशीनसाठी नाही.

४. निळी स्क्रीन आली तर थांबा. हल्लीच्या मशीनवर सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी असतो. अनोळखी ड्रायव्हरला तो आत सोडत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना कधीकधी एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. मशीन पुन्हा सुरू होताना निळी स्क्रीन येते, ती जेमतेम १० सेकंद थांबते. कुठलंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, पुढे 'कंटिन्यू' आणि 'येस' म्हणा, तोच पासवर्ड द्या. पुष्कळ जण ही स्क्रीन बघत बसतात आणि ती निघून जाते. मग ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

अंधार झालाच तर

काळी स्क्रीन आली म्हणून लगेच सगळं पुसून नव्याने टाकू नका. आधी हे करून बघा.

मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा. ग्रब नावाची यादी दिसेल. तिच्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. अडचण अपडेटनंतर सुरू झाली असेल तर एवढ्यानेही काम होतं.

नाही झालं, तर यादीतल्या पहिल्या ओळीवर थांबून इंग्रजी 'ई' दाबा. उघडणाऱ्या मजकुरात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लिपीत, सलग लिहा आणि एफ १० दाबा. चित्र बऱ्याचदा ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे बिघडायचं काही नाही. आत गेल्यावर ड्रायव्हरची तीच यादी उघडा आणि नुव्हो निवडून मशीन पुन्हा सुरू करा. तुम्ही मूळपदावर आलात. वेबसाइटवरून फाइल टाकली असेल, तर मात्र आधी तिच्याबरोबर आलेली 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' ही आज्ञा चालवून ती काढावी लागेल.

कुणाची मदत घ्यायची झाली तर "चालत नाही" एवढंच सांगू नका. कार्डाचं नाव, लिनक्सची आवृत्ती, शेवटची केलेली गोष्ट आणि स्क्रीनवरच्या मजकुराचा मोबाइलवर काढलेला फोटो, या चार गोष्टी द्या. डॉक्टरांना नुसतं "बरं वाटत नाही" म्हणून भागत नाही, तसंच हे. आणि कुणी दिलेली आज्ञा ती काय करते हे विचारल्याशिवाय चिकटवू नका. विशेषतः 'सुडो' ने सुरू होणारी. ती आज्ञा मशीनचे सगळे अधिकार हातात घेऊन काम करते.

खरंच गरज आहे का?

शेवटी एक साधा प्रश्न. त्या लॅपटॉपवर काय होणार आहे? बँकेची कामं, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल, आजीसाठी कीर्तनाचे व्हिडिओ? दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर ही सगळी कामं इंटेलचं साधं ग्राफिक्स आरामात करतं. त्यासाठी एनव्हिडियाच्या वाटेला जाण्याची गरजच नाही. केरळच्या सरकारी शाळांमधून मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत, त्यांनाही गेमिंग कार्ड लागत नाही. व्हिडिओ एडिटिंग, त्रिमिती चित्रं किंवा जड गेम करायचे असतील तरच वरचे चार टप्पे घ्या. तेही सुट्टीच्या दिवशी, हाताशी दुसरा मोबाइल ठेवून. परीक्षेच्या आदल्या रात्री नको!