डोक्यावरचे दोन इंच

दहा-बारा वर्षांपूर्वी सनरूफ ही आपल्याकडे महागड्या गाड्यांची मिरासदारी होती. आता ते चार मीटरच्या आतल्या गाड्यांतही आले आहे. मारुती सुझुकीने २०२२ च्या ब्रेझात पहिल्यांदा सनरूफ दिले. ह्युंदाईची एक्स्टर आणि टाटांची पंच यांसारख्या छोट्या गाड्यांत ते २०२३ पासून मिळू लागले आणि २०२४ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ३एक्सओला पुढून मागपर्यंत पसरलेले पॅनोरॅमिक काचेचे छत बसवले. लोकांना ते हवे आहे आणि त्यासाठी ते जास्तीचे पैसे मोजायला तयार आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या छताची किंमत फक्त रुपयांत मोजली जाते. ते गाडीच्या आत, नेमके ड्रायव्हरच्या डोक्यावर, किती जागा खाते हे मात्र बहुतेक माहितीपत्रकांत छापलेलेच नसते. लांबी, रुंदी, उंची, दोन चाकांतले अंतर, डिकीचे लिटर, जमिनीपासूनची उंची हे सगळे मिलिमीटरपर्यंत असते. डोक्यावरची जागा नसते. उंच माणसाला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि सुरक्षिततेच्या सगळ्या सोयी असलेली गाडी सनरूफशिवाय घेण्याचाही हक्क आहे, असे मला वाटते.

जागा जाते कुठे, हे आधी पाहिले पाहिजे. साध्या गाडीत वरचा पत्रा असतो, त्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या असतात आणि त्याखाली कापडी अस्तर. सरकणारी काच आली की पत्रा आणि अस्तर यांच्या मध्ये एक अख्खी चौकट बसवावी लागते. त्यात काच, ती ज्यावर सरकते ते रूळ, मोटर, ऊन अडवणारा पडदा आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, एवढे सगळे असते. घराला फॉल्स सीलिंग केले की स्लॅब आहे तिथेच राहतो आणि खोली मात्र बुटकी होते, तसेच हे आहे. शिवाय नेहमीच्या एका काचेच्या सनरूफमध्ये उघडलेली काच मागे सरकून पत्रा आणि अस्तर यांच्या मधल्या पोकळीत शिरते. म्हणजे काचेच्या मागचा भागही तिच्यासाठी रिकामा ठेवावा लागतो. उंच ड्रायव्हर सीट पूर्ण मागे घेऊन बसतो, त्यामुळे त्याचे डोके अनेकदा उघड्या काचेखाली न येता नेमके या मागच्या चौकटीखाली येते. वर काच आहे म्हणजे मोकळे वाटेल, ही समजूत त्याच्यापुरती तरी खोटी ठरते.

हा फरक किती असतो, याचे उत्तर अमेरिकेतल्या तपशीलपत्रकांत मिळते, कारण तिथे अनेक कंपन्या सनरूफसह आणि सनरूफशिवाय असे दोन आकडे स्वतंत्र देतात. होंडाच्या २०२२ च्या सिव्हिक सेडानमध्ये पुढच्या सीटवरची जागा साध्या छताखाली ३९.३ इंच आहे, सनरूफच्या मॉडेलमध्ये ३७.६ इंच. त्याच कंपनीच्या सीआर-व्हीच्या मागच्या पिढीत हे आकडे ४०.१ आणि ३८ इंच होते, म्हणजे जवळजवळ ५३ मिलिमीटरचा फरक. हे मोजमाप कसे घेतात तेही समजून घेण्यासारखे आहे. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे११०० मानकानुसार बसलेल्या माणसाच्या खुब्याच्या बिंदूपासून आठ अंश मागे कललेल्या रेषेवर छताच्या अस्तरापर्यंतचे अंतर घेतात आणि त्यात १०२ मिलिमीटर मिळवतात, कारण खुब्याखालीही शरीर असतेच. माणसाची बसल्यावरची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारण ५२ टक्के असते. सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटिमीटरच्या माणसाची ती सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. आता ढोबळ हिशेब करा. साध्या छताच्या सीआर-व्हीत त्याच्या डोक्यावर सहा-सात सेंटिमीटर उरतात आणि सनरूफच्या सीआर-व्हीत दीड. गाडीत कोणी अगदी ताठ बसत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडे अधिक उरेल. पण खड्ड्यात चाक आदळले की माणूस सीटवरून किती उचलला जातो, हे आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांना सांगायला नको. आणि माणूस सहा फूट दोन इंचांचा असेल किंवा उंची तेवढीच पण धड लांब आणि पाय आखूड असतील, तर दीड सेंटिमीटरही उरत नाही.

डोके छताला टेकते हा केवळ गैरसोयीचा प्रश्न असता, तर त्यावर वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. पण जागा कमी पडली की माणूस तीन गोष्टी करतो आणि तिन्ही घातक आहेत. तो पाठ मागे कलती करतो, मान खाली घालून बसतो किंवा सीटवर पुढे घसरतो. पाठ कलली की हात स्टिअरिंगपर्यंत ताणावे लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच परवडणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंग वर-खाली होते, पण ड्रायव्हरच्या दिशेने पुढे ओढता येत नाही. म्हणून मग सीटच पुढे घ्यावी लागते आणि गुडघे डॅशबोर्डला लागतात. पाठ जितकी कलती, तितके डोके मागच्या उशीपासून पुढे राहते. ही उशी आरामासाठी नसते. मागून धडक बसली की मान झटक्याने मागे जाऊ नये म्हणून ती असते आणि डोके तिच्या जवळ असले तरच तिचा उपयोग होतो. घसरून बसले की पट्ट्याचा खालचा भाग कमरेच्या हाडावरून पोटावर येतो, आणि टक्कर झाली तर तोच पट्टा आतड्यांना इजा करू शकतो. गाडी उलटलीच तर डोके आणि छत यांच्यातले अंतर हीच शेवटची फट असते. अमेरिकेच्या छताच्या मजबुतीच्या नियमात छत किती दबले तर चालेल याची मर्यादा १२७ मिलिमीटर ठेवली आहे. त्यापुढे जाऊन सरासरी उंचीच्या पुरुषाच्या डोक्यावर दबलेल्या छताचा किती भार यावा, हेही त्यात बघितले जाते. तिथल्या नियमकर्त्यांनी ही फट मोजण्याजोगी मानली. आपल्या भारत एनकॅप या टक्कर-चाचणी योजनेत समोरची आणि बाजूची टक्कर तपासतात, छताची चाचणी नाही. समोरच्या टकरीत ड्रायव्हरच्या जागी जो पुतळा बसवतात तोही साधारण १७५ सेंटिमीटरच्या पुरुषाच्या मापाचा असतो. गाडीला मिळालेले पाच तारे त्या पुतळ्याच्या बसण्यावर मिळालेले असतात. डोके टेकते म्हणून वाकडा बसलेला माणूस त्या चाचणीत कुठेच नसतो.

यावर पहिले उत्तर येते ते असे, की भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६६ सेंटिमीटरच्या आसपास आहे, मग मूठभर उंच लोकांसाठी एवढे कशाला? सरासरीच्या आधाराने दिलेले हे उत्तर मला मान्य नाही. सरासरी उंचीचा माणूस कोणत्याही गाडीत बसतो. माहितीची गरज त्यालाच असते जो सरासरीपासून दूर आहे. आणि हा गट वाटतो तितका लहान नाही. पगडी बांधणारे शीख ड्रायव्हर पंजाबात आहेत, दिल्लीत आहेत आणि आपल्या नांदेडलाही आहेत. पगडीखालच्या माणसाची उंची सरासरीइतकी असली तरी गाडीच्या छताला पगडी उंच माणसाच्या डोक्यासारखीच भिडते. उंच अंबाडा घालणाऱ्या बाईला हीच अडचण येते. पाठीच्या विकारामुळे ज्यांना सीट उंच आणि ताठ ठेवायला सांगितलेले असते त्यांचेही तेच. उलट आपल्या बाजाराला डोक्यावरच्या जागेचे मोल फार आधीपासून ठाऊक आहे. १९९८ ची सँट्रो आणि १९९९ ची वॅगन-आर या उंच ठेवणीच्या गाड्या सुरुवातीला दिसायला विचित्र वाटल्या, पण आत बसल्यावर लोकांना पटल्या. २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली. लांबी वाढवायची सोय राहिली नाही, म्हणून कंपन्यांनी आतली जागा उंचीत शोधली. त्या उंचीतला मोठा वाटा आता एका चौकटीला देऊन टाकला जातो आणि त्याची नोंदही होत नाही, हे मला खटकते.

दुसरा युक्तिवाद एसयूव्हीचा. गाडीच एवढी उंच, मग डोके कशाला टेकेल? वर दिलेला सीआर-व्हीचा आकडा एसयूव्हीचाच आहे, हे विसरून चालणार नाही. बाहेरची उंची म्हणजे आतली उंची नव्हे. एसयूव्हीचा तळ जमिनीपासून वर असतो, विजेवर चालणाऱ्या गाडीत त्या तळात बॅटरीची जाडी येते आणि ‘उंचावरून रस्ता दिसतो’ म्हणून सीटही वर बसवलेली असते. इतके वजा केल्यावर जे उरते ते अनेकदा साध्या हॅचबॅकपेक्षा फार जास्त नसते.

तिसरा युक्तिवाद सर्वांत वाजवी आहे: शोरूममध्ये जाऊन बसून बघा, नाही जमले तर घेऊ नका. पण हा सल्ला गृहीत धरतो की गाडी निवडणारा आणि चालवणारा एकच आहे. आपल्याकडे तसे नसते. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांत आणि कंपन्यांत गाडी मालक निवडतो, तो मागच्या सीटवर बसतो आणि एका काचेच्या सनरूफमुळे मागच्या सीटवर जागा फारशी कमी होत नाही. होते ती पुढे, जिथे दुसराच कोणी दिवसाचे दहा-बारा तास बसणार असतो. त्या माणसाला गाडी घेण्यापूर्वी कोणी विचारत नाही. भाड्याच्या आणि टॅक्सीच्या गाड्यांचेही तेच. घरातल्या गाडीचे तर उघड आहे. आज बारा वर्षांचा असलेला मुलगा गाडीचे हप्ते फिटेपर्यंत वडिलांपेक्षा उंच झालेला असतो.

कंपन्या म्हणतील, प्रत्येक मॉडेलचे आणखी एक रूप बनवणे परवडत नाही. हे म्हणणे तपासून पाहू. सनरूफ असलेल्या बहुतेक मॉडेलचे बेस मॉडेल साध्या छताचेच असते. म्हणजे अखंड पत्र्याचा साचा, त्याचे अस्तर, त्याची मंजुरी हे सगळे कारखान्यात आधीच आहे. टाटा मोटर्सने २०२० मध्ये नेक्सॉनच्या मधल्या मॉडेलला नावात ‘एस’ हे अक्षर जोडून सनरूफची वेगळी आवृत्ती काढली आणि ती पद्धत पुढे इतर गाड्यांतही वापरली. सनरूफ खालच्या मॉडेलला जोडता येत असेल, तर वरच्या मॉडेलमधून वजाही करता येईल. अडचण अभियांत्रिकीची नाही, मांडणीची आहे. टक्कर टाळण्यासाठी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, सगळीकडे दिसणारे कॅमेरे यांसारख्या सोयी अनेकदा फक्त टॉप मॉडेलमध्ये मिळतात आणि टॉप मॉडेल म्हटले की सनरूफ आलेच. त्यामुळे उंच माणसाला सुरक्षितता आणि नीट बसणे यांतले एक निवडावे लागते. वजनदार काच छतावर चढवून गाडीचे वजन वाढवायचे, गुरुत्वमध्य वर न्यायचा आणि तिच्यासोबतच ब्रेकची चांगली यंत्रणा द्यायची, हा जोड मला समर्थनीय वाटत नाही. बरे, विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून जूनपर्यंत तो पडदा उघडायची सोय नसते. वापर वर्षातून थोडे दिवस होतो, जागा मात्र बारा महिने गेलेली असते.

काचेलाच दोष देणे मात्र बरोबर होणार नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ किंवा आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बीवायडी सीलसारख्या गाड्यांत न सरकणारी अखंड काच असते. तिला रूळ नको, मोटर नको, मागे पोकळी नको. अशा छताखाली जागा वाढूही शकते. सरकणारी काच हवीच असेल तर ती आत न शिरता पत्र्यावरून बाहेरच्या बाजूने मागे जाईल, अशीही रचना उपलब्ध आहे आणि तिला आत कमी खोली लागते. वाहनांची एआयएस मानके घडवण्यात आणि गाड्यांच्या चाचण्यांत मोठा वाटा असलेली एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून काम करते आहे. डोक्यावरची जागा मोजायची एकच पद्धत ठरवणे आणि प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक रूपासाठी तो आकडा माहितीपत्रकात छापणे बंधनकारक करणे, हे तिच्या अनुभवापुढे अवघड नाही. खर्च एका ओळीच्या छपाईचा आहे. तो आकडा समोर आला की उथळ चौकटीचे सनरूफ बनवणाऱ्या कंपनीला बाजारात त्याचा फायदाही मिळेल.

तोपर्यंत उंच ग्राहकाने शोरूममध्ये एकाच मॉडेलची दोन रूपे मागावीत: साध्या छताचे आणि सनरूफचे. दोन्हींत सीट सर्वांत खाली घ्यावी, कंबर मागे टेकवून बसावे, क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबता येईल इतकीच सीट मागे घ्यावी आणि पाठ नेहमी ठेवतो तितकीच कलती ठेवावी. मग डोके आणि अस्तर यांच्या मध्ये हात आडवा घालून बघावा, सनरूफचा पडदा बंद असताना आणि काच पूर्ण मागे सरकवलेली असतानाही. चार बोटे सहज गेली तर ठीक, दोनच गेली तर टेस्ट ड्राइव्ह गतिरोधक असलेल्या रस्त्यावर मागावी. विक्रेता म्हणेल की साध्या छताची गाडी दाखवायला ठेवलेली नाही. तेव्हा ती ज्या दुसऱ्या शाखेत असेल तिथे पाठवायला सांगावे आणि ती पाहिल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरू नयेत. गाडी पगारी ड्रायव्हर चालवणार असेल, तर या तपासणीला त्यालाच सोबत न्यावे आणि पुढच्या सीटवर आधी त्याला बसू द्यावे.