नुसतं ‘प्लीज’ पुरत नाही

आज्ञार्थी वाक्याची विनंती करा, हा प्रश्न आमच्या मुलांच्या हातचा असतो. ‘ओपन द विंडो’च्या आधी ‘प्लीज’ लिहायचं, गुण घ्यायचे, पुढे सरकायचं. मराठी माध्यमाच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. आता परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना शिकवते. इतका मोलाचा विषय आपण एका गुणावर आणून ठेवला, याचं मला फार वाईट वाटतं.

या मुली अदबीनं बोलणाऱ्या. ‘आजी, जरा बाही वर करा’ असं त्या म्हणतात, तेव्हा ‘कर’चं ‘करा’ झाल्याबरोबर मान दिला जातो. वर ‘आजी’ आहे, ‘जरा’ आहे. इंग्रजीत मात्र ‘तू’सारखा असलेला ‘दाऊ’ मागे पडला आणि ‘यू’ सगळ्यांना लागू झाला. तिथल्या क्रियापदाला लहानथोर कळत नाही. मग तीच मुलगी ‘रोल अप युअर स्लीव्ह’ म्हणते आणि मनात नसताना उद्धट ठरते. ‘प्लीज’ जोडलं तरी हुकूम राहतोच, थोडा मऊ होतो इतकंच. ‘कुड यू रोल अप युअर स्लीव्ह फॉर मी?’ हा प्रश्न आहे. समोरच्याला ‘नको’ म्हणायची जागा त्यात आहे. परदेशी जाण्यासाठी या मुली देतात त्या ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’मध्ये रुग्णाशी संवाद करून दाखवावा लागतो आणि रुग्णाशी नातं कसं जोडलं, यालाही गुण असतात.

‘कॅन’पेक्षा ‘कुड’ नम्र का, हे मुलींना उमगत नाही. मी त्यांना त्यांचंच बोलणं दाखवते. ‘बाई, एक विचारायचं होतं,’ असं म्हणत त्या दारात उभ्या राहतात, तेव्हा विचारायचं आत्ताच असतं. भूतकाळाच्या रूपानं मागणी एक पाऊल मागे सरकते. ‘कुड’ आणि ‘वुड’ हेच करतात. एवढं पटलं की नियम घोकावा लागत नाही. ‘वुड यू माइंड’ला मात्र सराव हवाच, कारण तिथे होकार द्यायचा तर उत्तर ‘नो’नं सुरू होतं.

आणि प्रत्येक आज्ञार्थी वाक्य उर्मटही नसतं. जेफ्री लीच या भाषाशास्त्रज्ञानं १९८३ साली हे नीट मांडलं: सांगितलेल्या कामाचा लाभ ऐकणाऱ्याला होत असेल, तर थेट आज्ञाही सौजन्याचीच ठरते. आपल्या पंगतीतला आग्रह आठवा. ‘घ्या हो अजून एक पोळी’ यात कोणाला हुकूम ऐकू येतो? आणि रुग्णाचा श्वास अडकलेला असताना ‘कॉल द डॉक्टर’ हेच योग्य. तिथे ‘कुड यू’ म्हणत बसणं घातक.

म्हणून पाठ्यपुस्तक आणि प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. सुटं वाक्य देऊन ते बदलायला लावू नका. कोण, कोणाला, कशासाठी सांगतंय ते द्या आणि मुलांना वाक्य निवडू द्या. तोंडी परीक्षेत तेच बोलूनही घ्या.