शेळीचा खोकला कोणाच्या हिशेबात?



कापसाने दगा दिला, ज्वारीचा कडबाच तेवढा हाती लागला, की कोरडवाहू घराची नड कोण भागवते? दावणीचा बोकड. वाण्याची उधारी, पोराची फी, दवाखाना, सगळे त्याच्यावर. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात १ कोटीवर शेळ्या निघाल्या. एवढे आमचे भांडवल. पण ते खोकू लागले की सरकारच्या लेखी काही घडतच नाही.

खोकला, नाकाला घट्ट शेंबूड, धाप, अंगात ताप, चारा सोडलेला : हा फुफ्फुसदाह, म्हणजे न्यूमोनिया. पाश्चुरेला जातीचे जंतू धडधाकट शेळीच्याही नाकाघशात असतात. पावसात भिजणे, गाडीत कोंबून केलेला प्रवास, मुताच्या वाफेने कोंदलेला गोठा, यांनी जनावराचा जोर मोडला की ते फुफ्फुसात उतरतात. पीपीआरची साथ आली तर विचारूच नका. विषाणू वाट करून देतो, जंतू मागून घुसतात. करडे आधी जातात.

थंडीत गोणपाटाने गोठा पार बंद करू नका. खालचा वारा अडवा, वरची हवा मोकळी ठेवा. धापणाऱ्या शेळीचे तोंड वर धरून तेल-काढा ओतू नका, तो फुफ्फुसात जातो. औषध पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, डॉक्टरच्या सल्ल्याने, आणि ठरलेले दिवस पुरे. एका सुईने ताप उतरला म्हणून थांबले की दुखणे उलटते.

पण डॉक्टर आहे कुठे? एका शेळीपायी तालुक्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. मग ती मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याच्या पदरात जाते आणि बाजारातून रोग दहा गावांत. याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

बुळकांडी गेलीच ना? २००६ साली भारत तिच्यातून मुक्त ठरला, २०११ साली सारे जग. लस टोचली म्हणून गेली. पीपीआरचा विषाणू त्याच घराण्यातला. त्याची लस आपल्याच देशात तयार झाली आहे, एक टोचणी तीनेक वर्षे राखते. प्रत्येक खोकला तिने थांबणार नाही. पण मोठे दार बंद होईल. बैलासाठी जमले ते बकरीसाठी का जमू नये?

आम्हाला अनुदानाचे गाजर नको. पावसाळ्याआधी लस गावात हवी, तालुक्याच्या फ्रिजमध्ये नव्हे. बैठकीला येताना गावागणिक वही आणा : शेळ्या किती, शेवटची लस कोणत्या महिन्यात, गेल्या हिवाळ्यापासून खोकून मेल्या किती.