डिकीतला दणका

आमच्या वस्तीत मध्यंतरी एका दारापुढे चारचाकी उभी राहिली. जुनी, दुसऱ्याच्या हातची, हप्त्यावर घेतलेली; पण गाडी ती गाडी. मुलाचे आजोबा गिरणीच्या कातखात्यात होते, वडील सफाई खात्यात. नातवाच्या हातात स्टिअरिंग आले तेव्हा त्रिशरण-पंचशील झाले, पेढे वाटले गेले. आम्हीही पेढा खाल्ला आणि मनापासून आनंदलो. हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचे वाचून कुणी म्हणेल, आपल्या माणसाचे बरे झालेले यांना बघवत नाही.

आठ दिवसांत डिकीत वूफर बसले. रात्री साडेदहाला गाडी गल्लीत शिरली. गाणे भीमगीत होते म्हणे; पण त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही. नुसते धब्, धब्, धब्. मांडणीवरची ताटे वाजू लागली, छपराचा पत्रा थरथरला. शेजारच्या खोलीत दोन महिन्यांचे बाळ दचकून उठले. दहावीची मुलगी पुस्तक मिटून बसली. कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, "छातीत कुणी मुसळ घालतंय का काय!" पण त्या मुलाला बोलायला कुणी गेले नाही. गाणे बाबासाहेबांचे. बोलायचे कसे?

दार लावून घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. दार लावून हा आवाज थांबत नाही. वूफरचा आवाज खर्जातला, साधारण २० ते १०० हर्ट्झचा. ५० हर्ट्झच्या एका लाटेची लांबीच जवळजवळ ७ मीटर भरते, म्हणजे आपल्या दोन खोल्यांहून अधिक. अशी लाट पडद्याला किंवा पातळ भिंतीला जुमानत नाही. भिंतीलाच हलवून आत येते. गाण्यातले शब्द बारीक आवाजाचे, ते काचेच्या आत राहतात. बाहेर पडतो तो फक्त दणका. म्हणजे बाबासाहेब गाडीत आणि धडधड वस्तीला!

आणि गाडीतल्याचे काय? ती बंद पेटी, त्यात वूफर पाठीमागे हातभर अंतरावर. कामगारांच्या कानासाठी तज्ज्ञांनी बांधलेला एक हिशेब आहे. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. मोठ्या वूफरच्या गाडीत १०० डेसिबल ही फार मोठी गोष्ट नाही. आतल्या कानात जन्मतः १५ हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गाडीतून उतरल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, शिटी वाजत राहते, सकाळी बरे वाटते. म्हणून पोरांना वाटते, काही झाले नाही. असे पुन्हा पुन्हा झाले की एक दिवस सकाळ होते आणि शिटी थांबत नाही. बहुधा आधी बारीक आवाज जातात. स, श, थ, फ ऐकू येईनासे होतात. माणूस म्हणतो, मला ऐकू येते पण कळत नाही. कापसाचे बोळे घालून हे टळत नाही.

इथे गिरणीची आठवण येते. विणखात्यातल्या साच्यांचा गोंगाट इतका, की जुने विणकर हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलत आणि म्हातारपणी बहिरे होत. आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तो जातीचा अपमान होता, त्याचे उपकार कुणी मानू नयेत. पण त्या विणकरांना बहिरेपण पोटासाठी घ्यावे लागले. आपली पोरे ते हप्ते भरून विकत घेत आहेत, याला काय म्हणावे?

हप्त्यावरून आठवले. १००० वॅट खरोखर ओढणाऱ्या अँप्लिफायरला १२ व्होल्टवर ८० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. लहान गाडीचा अल्टरनेटर तेवढा पुरवतानाच दमतो. मग बॅटरी बसते. तार बारीक असेल आणि बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर तार तापून पेट घेते. वायरमनला एवढे तरी विचारून घ्यावे.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल. यात एक गोम आहे. हे मोजमाप कानाच्या जाणिवेप्रमाणे केलेल्या 'ए' मापाने होते आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबलने कमी दिसतो. तेव्हा "मीटरमध्ये बसतो" म्हणजे आजींच्या छातीत बसत नाही असे नव्हे.

"मग त्यांच्या मिरवणुकीत काय चालते?" हा प्रश्न ठरलेला. आपल्या जयंतीला दहाच्या ठोक्याला शिट्टी वाजते आणि इतरांच्या वेळी घड्याळ बंद पडते, ही तक्रार आम्हीही केली आहे. जिथे ती खरी आहे तिथे तारीख-वेळ लिहून लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे. ते सगळ्यांना लागू आहे. पण दचकलेल्या बाळाला कुणाची मिरवणूक ते कळत नाही.

अंगुत्तर निकायात वैशालीचा एक प्रसंग आहे. भगवंतांच्या दर्शनाला लिच्छवी तरुण उत्तमोत्तम रथांतून, एकमेकांच्या पुढे-मागे पळवत, प्रचंड गोंगाट करीत महावनात आले. तेव्हा थोर भिक्खू उठून गोसिंग शालवनात निघून गेले. आवाज हा ध्यानातला काटा आहे, असे त्यांनी भगवंतांकडूनच ऐकले होते. भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी त्या भिक्खूंना साधुवाद दिला. लिच्छवी आले होते श्रद्धेनेच, हे ध्यानात घ्यावे.

आपल्याला मात्र उठून जायला शालवन नाही. दहा बाय बाराच्या खोलीतून जायचे कुठे?

शेवटी आजींनीच वाट काढली. पौर्णिमेला विहारात जायला त्या मुलालाच म्हणाल्या, "बाळा, मला तुझ्या गाडीतून ने." गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "जरा बारीक कर रे. मला शब्द ऐकू दे." त्याने बटण फिरवले. आजींनी वामनदादा कर्डकांना समोर बसून ऐकलेले. गाण्याबरोबर त्या गुणगुणू लागल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "ह्यात एक कडवं गाळलंय." मग ते गाळलेले कडवे त्यांनी विहार येईपर्यंत म्हणून दाखवले. मुलाला ते ठाऊकच नव्हते.

वूफर अजून डिकीत आहे. गल्लीत शिरताना तो बटण फिरवतो. कधी विसरतो, तेव्हा आजी खिडकीतून ताट वाजवतात.