माल गेला, पावती कुठे आहे?

शेतकरी बंधूंनो, परवा आमच्या गावातल्या एका बचत गटाच्या बायका पंचायतीच्या ओट्यावर तोंड पाडून बसल्या होत्या. मोबाईलवर मागणी आली म्हणून त्यांनी दहा किलो गूळ आणि चार किलो हळद पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाठवली. माल सतराशे रुपयांचा. तालुक्याच्या गावी एका कुरिअरवाल्याकडे खोके दिले, २६० रुपये भाडे मोजले. माल पोचलाच नाही. गिऱ्हाईक पैसे परत मागतंय आणि कुरिअरवाला म्हणतो, "भाडं परत देतो, मालाचं आमच्याकडं नसतं." मी विचारलं, पावतीवर मालाची किंमत लिहिली होती का? तर पावतीच कुणाला सापडेना!

चूक कुणाची, हा वाद बाजूला ठेवा. आडत्याकडं माल घालताना आपण पट्टी मागतो, वजन डोळ्यांनी बघतो. तोच माणूस मोबाईलवर माल विकायला लागला की खोके दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो. बाजार बदलला, पण सावधपणा घरीच राहिला. मधला दलाल गेला हे चांगलेच झाले. मात्र दलालाच्या डोक्यावरची जोखीमही आता आपल्या डोक्यावर आली, हे कुणी सांगितले नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ सालचा कायदा आहे आणि त्यात कुरिअरवालेही येतात. माल हरवला तर त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, पण पावतीवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. आता हिशेब करा. २६० ची दहापट २६००. माल सतराशेचा. किंमत लिहून पावती जपली असती, तर बायकांना सगळी रक्कम हक्काने मागता आली असती. माल यापेक्षा महाग असेल तर जादा जोखमीचा दर भरून तसे लिहून घेता येते. आणि दावा करायचा तर माल दिल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. "बघू, करू" म्हणत सहा महिने गेले की हक्कही गेला.

टपालाचे गणित वेगळे आहे. टपाल खाते सरकारी, त्याला वरचा कायदा लागू नाही. १८९८ सालचा जुना टपाल कायदा जाऊन २०२३ सालचा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. तरी मूळ तत्त्व तेच राहिले : नियमात जेवढी जबाबदारी लिहिली आहे तेवढीच, त्यापुढे नाही. स्पीड पोस्टाचा जिन्नस हरवला तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी कमी ती रक्कम, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणजे भरपाई शुल्काची, मालाची नव्हे. मालाची हवी असेल तर विमा उतरवूनच पाठवायचे. खिडकीवर "विम्याने पाठवायचंय" एवढे म्हणायचे, बाकी डाकबाबू सांगतील.

आपल्या वडिलधाऱ्यांचा भरवसा रजिस्टर पोस्टावर. ते २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवले गेले. आता स्पीड पोस्टालाच नोंदणीची जोड घ्यायची. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकात तिला ५ रुपये आणि वर जीएसटी असा आकार ठेवला. ही जोड घेतली की जिन्नस ज्याच्या नावचा त्याच्याच हाती जातो. ओटीपी सांगितल्यावरच माल ताब्यात, ही सोयसुद्धा तेवढ्याच पैशात ठेवली आहे. "मला मिळालंच नाही" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला याहून चांगले उत्तर नाही. चहाच्या कपाएवढ्या पैशासाठी हात आखडू नका.

आणि व्ही.पी. विसरू नका. पुस्तके, औषधे, बियाणे व्ही.पी.ने यायची, पोस्टमन आधी पैसे घ्यायचा आणि मग पार्सल द्यायचा. आजची 'माल मिळाल्यावर पैसे' ही पद्धत तिचीच नात आहे. फक्त एक खोच आहे. गिऱ्हाइकाने माल नाकारला तर परतीचे भाडेही बहुधा आपल्याच बोकांडी बसते. म्हणून अनोळखी माणसाकडून निदान जाण्यायेण्याच्या भाड्याएवढी आगाऊ रक्कम घ्या. त्यात वाईट दिसण्यासारखे काही नाही.

खोक्याकडेही लक्ष द्या. बहुतेक खासगी कुरिअरवाले काट्यावरचे वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचे. ४० बाय ३० बाय ३० चे खोके म्हणजे ७ किलो २०० ग्रॅम, मग आत तीन किलो पापड का असेनात! मापात बसेल एवढेच खोके घ्या. गूळ, काकवी दुहेरी पिशवीत बांधा. खोके बंद करण्याआधी आणि नंतर मोबाईलवर फोटो काढा. पत्त्यावर पिनकोड न चुकता घाला. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९७२ साली ही सहा आकड्यांची पद्धत आली. एक आकडा चुकला की पार्सल भलत्याच गावी फिरून येते.

आणखी एक. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" असे गिऱ्हाईक म्हणाले तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. देशात दीड लाखावर टपाल कार्यालये आहेत, त्यांतली बहुतेक खेड्यांतच. एवढे जाळे कुठल्या कंपनीकडे आहे? पण आमच्या शाखा डाकघराच्या भिंतीवर पार्सलचा दर, विम्याचा आकार, हरवल्यास भरपाई किती, याचा साधा फलकही नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी डाकपालांना बोलावून हा फलक मराठीत लावून घ्यावा. एक काटा, एक मोजपट्टी पंचायतीत ठेवावी. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि बचत गटांना पावती वाचायला शिकवावे. याला निधी लागत नाही, इच्छा लागते.

माल पाठवणारा नुकसानीची दाद मागू शकत नाही, हा समजही खोटा आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहक कायद्याने ग्राहकच असतो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. सल्ला हवा तर १९१५ हा क्रमांक आहे. पण तिथेही पहिला प्रश्न हाच येणार : पावती कुठे आहे?

त्या बायकांची पावती अखेर गव्हाच्या कणगीमागे सापडली. किंमत लिहिलेली नाही, पण तारीख आहे, शिक्का आहे. नोटीस आम्ही लिहून दिली आहे, पुढे काय होते ते बघू. तुम्ही मात्र पुढचे खोके देताना कुरिअरवाल्याला आधी लिहायला लावा : माल काय, वजन किती, किंमत किती. ते लिहून झाल्याशिवाय खोक्यावरचा हात काढू नका.